याद्या आपल्या, कोडही आपला

(सोलापूर येथे संगणक शिकणाऱ्या मुली आणि विडी कामगारांमध्ये व बचत गटांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा.)



‘पायथनची छोटी लायब्ररी कशी रचावी आणि कशी वाटावी’ हा आजचा विषय ऐकून काहीजणींनी मला विचारले, की हा स्त्री-चळवळीचा विषय आहे का? माझे उत्तर ‘आहे’ असेच आहे. ते का, हे मी सोलापुरातल्याच एका प्रश्नावरून सांगते.

आपल्या शहरात हजारो बायका पाने-तंबाखू घरी आणून विड्या वळतात. त्यांतल्या पुष्कळजणींची घरची भाषा तेलुगू आहे. कागदपत्रे मात्र मराठीत आणि इंग्रजीत. यल्लम्मा नावाची बाई घ्या. कारखान्याच्या कार्डावर ती ‘यल्लम्मा’, रेशनकार्डावर ‘येल्लम्मा’ आणि बँकेत ‘एल्लम्मा’. तेलुगूत ऱ्हस्व ‘ए’ला स्वतंत्र अक्षर आहे, मराठीत नाही. मग लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते तिचे नाव ठरते. त्यात लग्नानंतर मधले नाव बदलले, आडनाव बदलले. प्रॉव्हिडंट फंड असो, घरकुल असो, की २०२४ मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजना असो, आधी नाव जुळावे लागते. जुळले नाही तर पैसे अडकतात आणि रोजंदारी बुडवून हेलपाटे घालायचे ते त्या बाईनेच.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठीची १०,००० घरे उभी राहिली. तिथेच रे नगरच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. एवढ्या मोठ्या याद्या हाताने कोण जुळवणार? हे काम संगणकाकडेच जाणार. तेव्हा ‘ही बाई आणि ती बाई एकच’ हे ठरवण्याचा नियम कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे.

संगणकाला नाव दिसत नाही, आकडे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टंकता येते, किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. कागदावर दोन्ही सारखीच उमटतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे. उलट ‘१२५’ असा मराठी आकडा दिला, तर पायथन त्याची संख्या बिनतक्रार करून देते. म्हणजे यंत्र काय समजून घेते आणि काय नाही, हे कोणीतरी आधी बसून ठरवलेले असते.

असा नावे जुळवणारा कोड आपल्यापैकी एखादी लिहितेही. वीस-पंचवीस ओळींचाच असतो. पण तो राहतो एका ऑफिसच्या एका संगणकावर. ती नोकरी सोडते, बाळंतपणाला जाते, संगणक बदलतो आणि काम नाहीसे होते. पुढच्या तालुक्यातली दुसरी बाई तेच पुन्हा पहिल्यापासून लिहिते. बायकांच्या कामाचे घरात जे होते, तेच इथेही होते. लायब्ररी करायची ती यासाठी.

लायब्ररी म्हणजे इतरांना आपल्या कार्यक्रमात जसाच्या तसा वापरता येईल असा कोड. पायथन ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. ती फुकट आणि खुली आहे. तिच्या लायब्रऱ्या ‘पायपीआय’ या सार्वजनिक कोठारात ठेवतात आणि ‘पिप इन्स्टॉल’ या एका आज्ञेने कोणालाही घेता येतात. काम सुरू करण्याआधी तिथे काय आहे ते पाहावे. अनूप कुंचुकुट्टन यांची ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’ भारतीय लिप्यांतली अशी अक्षरे एकसारखी करून देते. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसाठी ‘महाएनएलपी’ केली आहे. जे तयार आहे ते घ्यावे. आपण लिहायचे ते विडी कार्ड आणि रेशनकार्ड हाताळणाऱ्या बाईलाच माहीत असलेले.

आता रचना. एका लायब्ररीने एकच काम करावे. नावे जुळवणारीने पगार काढू नये. एक फोल्डर करा. त्यात कोडचे आतले फोल्डर, चाचण्यांचे दुसरे फोल्डर आणि बाहेर तीन फाईली: ‘रीडमी’, ‘लायसन्स’ आणि ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’. या शेवटच्या फाईलमध्ये लायब्ररीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, लिहिणारीचे नाव आणि दुसऱ्या कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते लिहायचे. रीडमी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहा. पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येते; पण हैदराबादच्या मैत्रिणीलाही ते वाचता आले पाहिजे, म्हणून नावे रोमन लिपीत ठेवा आणि समजावणे मराठीत करा.

चाचणी म्हणजे ‘हे दिले तर हेच मिळाले पाहिजे’ अशी नोंद. ‘कुऱ्हाडे’च्या दोन्ही रूपांचे उत्तर एक आले पाहिजे, ही एक चाचणी. ‘यल्लम्मा’ आणि ‘येल्लम्मा’ आल्या तर कोडने ‘बहुधा एकच, माणसाने पाहावे’ एवढेच सांगावे, परस्पर एक करू नये, ही दुसरी. कारण चुकून दोन बायका एक झाल्या तर एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात जातील.

तिसरी चाचणी आपल्या चळवळीची आहे. पुष्कळ कार्यक्रम असे धरून चालतात की नाव तीन शब्दांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव येते: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. तीन शब्द मोजणारा कोड इथे अडखळेल किंवा आईलाच गाळून टाकेल. परित्यक्ता, एकल आई, लग्नानंतर नाव न बदललेली बाई, फक्त एकच नाव लावणारी बाई, या साऱ्याजणी चाचण्यांत असल्या पाहिजेत. त्या तिथे असाव्यात हे सुचायला त्यांच्याबरोबर काम केलेले असावे लागते.

मात्र चाचण्यांतली नावे काल्पनिकच हवीत. खऱ्या यादीतले एकही नाव, आधार क्रमांक वा फोन नंबर कोडबरोबर बाहेर जाता कामा नये. गिटमध्ये जुनी प्रत जपलेली असते. आज पुसलेले उद्याही काढून पाहता येते. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईचा पत्ता असा बाहेर गेला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

आता वाटपाविषयी. परवाना न देता ठेवलेला कोड दिसतो सर्वांना, पण कायद्याने तो कोणालाच वापरता येत नाही. एमआयटी परवाना सांगतो: हवे ते करा, फक्त हक्काची मूळ नोंद काढू नका. जीपीएल त्यापुढे जातो: बदलून इतरांना दिलात, तर तेही याच अटींवर खुले ठेवा. यांतला कोणता, ते गटाने बसून ठरवावे. नोकरीतल्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणून आधी लेखी परवानगी घ्या.

पायपीआयवर एकदा चढवलेली आवृत्ती त्याच क्रमांकाने पुन्हा चढवता येत नाही. दुरुस्ती केली की क्रमांक वाढवायचा. सरावासाठी ‘टेस्ट पायपीआय’ आहे. २०२४ पासून तिथे पासवर्डखेरीज दुसरी ओळखही लागते. ती एकीच्याच फोनवर ठेवू नका, लायब्ररीची मालकी किमान दोघींच्या खात्यांवर असू द्या. २०१६ साली जावास्क्रिप्टमधली ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली, तर जगभरचे हजारो कार्यक्रम बांधले जाईनात. छोट्या गोष्टीवर किती जण उभे असतात ते त्या दिवशी कळले.

आणि नाव लावायला लाजू नका. पायथनच्या मूळ कोडची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत पहिली स्त्री, मारियाट्टा विजया, आली ती २०१७ मध्ये, भाषा सुरू झाल्यावर २६ वर्षांनी. त्या आधी बायका पायथन लिहीत नव्हत्या असे थोडेच आहे! २०११ मध्ये लॉस एंजेलिसला काही जणींनी ‘पायलेडीज’ हा गट सुरू केला, तो याच कारणाने, की एकमेकींना आत येण्याची वाट दाखवावी.

आजच्या बैठकीनंतर तीन-तीन जणींचे गट करू या. प्रत्येक गटात एक कोड जाणणारी, एक याद्या ठेवणारी आणि एक तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असावी. याद्या ठेवणारीने नाव अडल्याचे दहा प्रकार सांगावेत, भाषा जाणणारीने ते तपासावेत आणि कोड जाणणारीने त्यांच्या दहा चाचण्या लिहाव्यात. कोड नंतर येईल. आणि लेखिका म्हणून तिघींचीही नावे लागतील.