चित्र ओलं असतानाच विचारू या

(मुंबईच्या उपनगरांतल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला पोस्टरविषयी बोलायला सांगितलं आहे. पोस्टर कसं काढावं हे मी सांगणार नाही. मला चित्र काढता येत नाही, आणि ते सांगायला इथे दोघी-तिघी चित्रकार मैत्रिणी बसल्या आहेत. मी बोलणार आहे ते पोस्टर छापखान्यात जाण्याआधीच्या दिवसांविषयी. चित्र अजून कच्चं आहे, पेन्सिलच्या रेघा दिसताहेत, तेव्हाच ते कोणाला दाखवायचं, कसं दाखवायचं आणि बायका जे बोलतात ते ऐकून घ्यायचं कसं, एवढंच. हल्ली हे सगळं आपण बहुतेक वेळा फोनवरून करतो. बोरिवलीची बाई मुलुंडच्या बैठकीला यायची तर तिचा अख्खा दिवस जातो, म्हणून फोन. त्याने काय सोपं झालं आणि काय अवघड होऊन बसलं, तेही बोलू.

चळवळीला पोस्टर नवं नाही. १९८० साली मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाविरुद्ध देशभरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हापासून कागदावर, जुन्या चादरींवर, मिळेल त्यावर आपण रंगवत आलो आहोत. दिल्लीच्या ‘झुबान’ प्रकाशनाने २००६ च्या सुमारास ‘पोस्टर विमेन’ या नावाने देशभरातल्या स्त्री-चळवळीची जवळपास दीड हजार पोस्टर्स जमवली. त्यातली कितीतरी चिन्हं आपल्याला पाठ आहेत. वळलेली मूठ, तुटलेली साखळी, मशाल, उगवता सूर्य. पण चिन्हं जागच्या जागी राहत नाहीत. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीने मागच्या वर्षी मशाल हातात घेतलेली बाई काढली. घाटकोपरच्या वस्तीत ती दाखवली तर पहिलाच प्रश्न आला, “उद्धवच्या पार्टीचं आहे का?” २०२२ च्या ऑक्टोबरपासून मशाल ही एका पक्षाची निशाणी आहे. मग म्हटलं, मशाल नको, ‘थांब’ म्हणणारा उघडा हात काढू. तो तर पंजा! घड्याळ नको, कमळ नको, तुतारी नको, रेल्वेचं इंजिन नको. आपल्या चित्रांसाठी पक्षांनी काही शिल्लक ठेवलंय का, असं आमच्या चित्रकार मैत्रिणीने वैतागून विचारलं. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की असलं पोस्टर कोणीतरी कागद चिकटवून झाकून टाकणार, हे वेगळंच.

हे दाखवल्याशिवाय कळत नाही. खोलीत बसून चार जणींनी कितीही डोकं चालवलं तरी नाही कळत.

याबाबतीत मला नेहमी राजस्थानातली एक गोष्ट आठवते. तुमच्यापैकी जुन्या मैत्रिणींना ती माहीत असेल, पण नव्या मुलींसाठी सांगते. राजस्थानात १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू झाला. त्या कामातून अजमेर जिल्ह्यातल्या खेड्यांत आरोग्याची शिबिरं झाली आणि बायकांनी मिळून आपल्या शरीराविषयी एक पुस्तक तयार केलं. ‘शरीर की जानकारी’ त्याचं नाव. बाईचं शरीर आतून-बाहेरून कसं आहे, पाळी म्हणजे काय, दिवस राहतात कसे, हे सगळं चित्रांतून. पहिली प्रत हाताने केलेली होती आणि त्यात शरीर दाखवायला उघड्या बाईचं चित्र होतं. ती प्रत गावात फिरवली तेव्हा लोक म्हणाले की हे खोटं आहे, आमच्या गावात अशी उघडी बाई कधी दिसतच नाही. आता आपण शहरातल्या शहाण्या बायका असतो तर काय म्हटलं असतं? लोक मागासलेले आहेत, लाजतात, त्यांना सवय लावली पाहिजे. त्या बायकांनी तसं केलं नाही. त्यांनी चित्रातल्या बाईला गावातल्या बाईसारखे कपडे घातले आणि त्या कपड्यांच्या जागी उचलता येणारी कागदाची झडप केली. झडप उचलली की आतलं शरीर दिसतं, खाली ठेवली की बाई पुन्हा आपल्या घागऱ्यात. माहितीतला एक शब्दही कमी झाला नाही. १९८९ साली ‘काली फॉर विमेन’ने ते पुस्तक छापलं आणि ते तयार करणाऱ्या बायका होत्या पंचाहत्तर.

ही झडप एखाद्या मोठ्या चित्रकाराला सुचली असती तर त्याचं केवढं कौतुक झालं असतं. ती सुचली याचं कारण पुस्तक अजून छापलेलं नव्हतं, हाताने केलेलं होतं, आणि बदलता येत होतं.

आता आमच्याकडचं सांगते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. इतकी वर्षं झाली तरी वस्तीतल्या बाईला तो नावानेही माहीत नसतो. म्हणून आम्ही अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतल्या गटांनी मिळून एक पोस्टर करायचं ठरवलं. कायदा दोन ओळींत आणि खाली १८१ हा मदतीचा नंबर. चित्रकार मैत्रीण अंधेरीची, तरुण, कामात फार चोख. तिने एक कच्चं चित्र काढलं. जमिनीवर फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे, मागे दार, दारात बाईची सावली. मारहाणीचं नावही न घेता मारहाण दिसावी, रक्त आणि सुजलेला डोळा दाखवायचा नाही, असा तिचा विचार होता आणि मला तो पटलेला आहे. रडणाऱ्या, कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या बाईची चित्रं आपण खूप पाहिली.

चित्र व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं. अर्ध्या तासात अंगठेच अंगठे. ‘छान’, ‘मस्त ताई’, फुलं, हात जोडलेले. कोणी काही बोललंच नाही. रात्री साडेदहाला भांडी आवरून एका मावशीने आवाजी निरोप पाठवला. मागे नळाचा आवाज येतोय आणि त्या विचारताहेत, “बिचारीचा नवरा वारला का गं? कशाने?”

मग एकेक जण बोलू लागली. हिरव्या बांगड्या फुटल्या म्हणजे काय, हे मराठी बाईला कोणी शिकवावं लागत नाही. त्या फोडल्या जातात कधी? ज्या पोस्टरने सांगायचं होतं की मार खाऊ नकोस, ते सांगत होतं की ही विधवा झाली. एक मुसलमान मैत्रीण म्हणाली की हिरव्या बांगड्या पाहून तिला हे लग्नसराईतल्या दुकानाची जाहिरात वाटली. आणि घाटकोपरची एक जण म्हणाली, दार बंद आहे की उघडं ते आधी सांगा, कारण बाई आत कोंडलीय की बाहेर काढलीय ते कळत नाही, आणि दोन्हीला कायदा वेगळा काहीतरी सांगत असेल ना? केवढा नेमका प्रश्न! या कायद्यात बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्या का नावावर असेना. ते त्या दारातूनच सांगता आलं असतं, आणि पुढे तसंच झालं. बांगड्या गेल्या, दार राहिलं. आता बाई उंबऱ्याच्या आत उभी आहे, कडी तिच्या हातात आहे.

यातून मी जे धरून ठेवलंय ते असं. ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही. आपल्या बायका मोठ्या मनाच्या असतात, मेहनत केलेल्या पोरीला ‘नाही आवडलं’ कसं म्हणायचं? विचारायचं, ‘काय दिसतंय? ही कोण आहे? आत्ता काय झालं असेल आणि पुढे काय होईल?’ लिहून उत्तर मागायचं नाही, बोलून मागायचं. आणि चित्र फार गुळगुळीत करून पाठवायचं नाही. संगणकावर रंग भरून, अक्षरं बसवून पाठवलं की बाईला वाटतं हे झालेलंच आहे, आपण काय बोलायचं. पेन्सिलच्या रेघा दिसल्या की ती म्हणते, अगं हिला जरा जाडी कर. मतदान तर नकोच. अ चांगलं की ब चांगलं, असं आम्ही एकदा विचारून पाहिलं. कोणी कुठे बोट ठेवलं ते सगळ्यांना दिसत होतं. ज्या चित्रावर गटातल्या जुन्या कार्यकर्तीचं बोट पडलं, त्याच्यामागे सगळी रांग लागली.

चित्रकार मुली दुसऱ्या सोयी वापरतात. एक दुवा पाठवायचा, सगळ्यांनी एकाच चित्रावर येऊन टिपणं चिकटवायची. त्यांच्या आपसातल्या कामाला ते उत्तम आहे. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी ईमेल मागतात आणि आपल्या गटातल्या किती जणींकडे ईमेल आहे? म्हणून आम्ही वाटणी केली. चित्रकार मुलींचं आपसात तिथे, वस्तीचं आवाजी निरोपांवर, आणि निरोप जसेच्या तसे चित्रकार मुलीने स्वतः ऐकायचे. मधल्या कार्यकर्तीने सारांश करून सांगायचा नाही. सारांशात ‘बांगड्यांबद्दल काही सूचना आल्या’ एवढंच उरतं.

आता अवघड भाग. आपण म्हणतो ‘सगळ्यांना फोनवर पाठवलं’. कोणाचा फोन? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा स्वतःचा मोबाइल असलेल्या बायका देशात साधारण ५४ टक्के निघाल्या, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या फक्त ३३ टक्के. राहिलेल्या बायकांचा फोन म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा, पोरीच्या शाळेसाठी घेतलेला. आमच्या गटातल्या एकीने दुसऱ्याच दिवशी गट सोडला. भेटून विचारलं तर म्हणाली, “ताई, फोन मुलाकडे असतो. चित्र आपोआप त्याच्या फोटोंत जाऊन बसतं. त्याने बापाला दाखवलं तर?” ‘मार सहन करू नका, इथे फोन करा’ असं लिहिलेलं चित्र नवऱ्याच्या हाती पडलं तर त्या रात्री त्या घरात काय होईल हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. पोस्टर तपासण्याच्या नादात आपण एखादीला मार खायला लावू शकतो.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही सक्तीने पाळतो. फोनवर फक्त चित्र जातं, मजकूर आणि नंबर कधीच नाही. मजकूर समोरासमोर वाचून दाखवायचा. गटाच्या नावात ‘हिंसा’, ‘अत्याचार’, ‘हक्क’ असलं काही नाही. आमच्या गटाचं नाव भिशीचं वाटावं असं आहे. निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवायची आणि फोटो आपोआप साठवले जाणं बंद करायचं. हे दुसरं प्रत्येकीच्या फोनवर शेजारी बसून करून द्यावं लागतं, सांगून होत नाही. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी एक फोनवाली. ती दुपारी नळावर, रेशनच्या रांगेत, पाळणाघरात पाच-सहा जणींना चित्र दाखवते आणि त्यांचं बोलणं, अर्थातच त्यांना विचारून, नावं न घेता, तिथल्या तिथे आवाजात भरून पाठवते. खरी मतं तिथूनच येतात, कारण बायका एकमेकींशी भांडतात. “ही आपल्यातली नाही वाटत, हिच्या घरी मोलकरीण असणार”, “का गं, बंगल्यातल्या बाईला मारत नाहीत का?” असला वाद अंगठ्यांच्या रांगेतून कधीच निघाला नसता.

एक तक्रारही ऐकून ठेवण्यासारखी आहे. बोरिवलीची एक मैत्रीण म्हणाली, दिवसभर चार घरची कामं करून रात्री तुमच्या चित्रांना उत्तरं द्यायची, आणि पोस्टरवर नाव मात्र संस्थेचं. बरोबरच आहे तिचं. अजमेरच्या पंचाहत्तर जणींना पुस्तकाच्या कर्त्या म्हणून मान मिळाला. आपल्या पोस्टरला तो द्यायचा तर हिंसेच्या विषयात नाव छापणं धोक्याचं. आम्ही आत्तापुरतं एवढं केलंय की फोनवालीचा इंटरनेटचा खर्च गट भरतो आणि दाखवायचं काम महिन्यातून दोनच वेळा. नावाचं अजून सुटलेलं नाही. आज चर्चेत घेऊ.

शेवटचा प्रश्न आम्ही अगदी उशिरा विचारायला लागलो, तो म्हणजे ‘हे लावाल कुठे?’ आमच्या डोळ्यांपुढे भलंमोठं पोस्टर होतं, स्टेशनबाहेर, चाळीच्या जिन्यात. बायका म्हणाल्या, जिन्यात लावलं तर सासू संध्याकाळच्या आत फाडेल, आणि त्यापुढे थांबून नंबर कोण लिहून घेणार? वाचणारी कोण ते सगळ्या बघतील. मग जागा कुठली जिथे बाई एकटी असते, कडी लावलेली असते आणि दोन मिनिटं समोर बघत बसते? मुलुंडच्या गटातून उत्तर आलं, सार्वजनिक संडासाच्या बायकांच्या बाजूला, दाराच्या आतून. तेव्हा पोस्टरचं चित्रच बदललं. वीतभर कागद, पाणी लागलं तरी टिकेल असा, बसलेल्या नजरेच्या उंचीला, अंधुक दिव्यात वाचता येतील अशी मोठी अक्षरं, मराठी आणि हिंदी. घाटकोपर-मुलुंडसाठी गुजरातीही हवी म्हणताहेत.

त्याचे तीन नमुने मागच्या भिंतीवर लावले आहेत. तिन्ही पेन्सिलचे आहेत आणि खाली मुद्दाम काही लिहिलेलं नाही. चहाच्या वेळी उठून बघा, आणि चित्रकार मैत्रीण तिथेच उभी असेल, तिला चांगलं म्हणू नका. काय दिसतंय ते सांगा.