अब्रूचा भाव आणि विम्याचा हप्ता

(यावल येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय तुमचाच आहे. तुम्ही विचारलंत की मोटारसायकलीचा विमा निघतो, केळीच्या बागेचा निघतो, मग बेधडक लिहिणाऱ्याचा का निघू नये? उद्या एखाद्या संस्थाचालकाने पाच कोटींची नोटीस धाडली तर ते पाच कोटी भरायचे कोणी? प्रश्न चोख आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून उभा आहे.

विमा निघतो. मीडिया लायबिलिटी म्हणतात त्याला. परदेशात तो जुना आहे, आपल्याकडेही मिळतो. पण घेतं कोण? टीव्हीचे चॅनेल, मोठी दैनिकं, सिनेमावाले. त्यात दिवाणी दाव्याचा कोर्टखर्च आणि नुकसानभरपाई ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी देते. पहिला हिस्सा मात्र तुमच्या खिशातून. आणि देताना कंपनी काय काय मागते ते ऐका. छापण्याआधी मजकूर वकिलाला दाखवा. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करू नका. तडजोड करायची की लढायचं यात कंपनीचा शब्द चालेल. आधी किती नोटिसा आल्या ते अर्जात लिहा. म्हंजे ज्याच्यावर नोटिसा जास्त, त्याला हप्ता जास्त. जो कुणाच्याच वाटेला जात नाही, त्याला विमा स्वस्त. गप्प बसणाऱ्याला सवलत, असा हा धंदा आहे!

दुसरं. खोटं आहे हे माहीत असताना जाणूनबुजून छापलं तर विमा हात वर करतो. हे मला मान्य आहे. कडक लिहिणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. अमेरिकेत ॲलेक्स जोन्स नावाचा एक बोलभांड आहे. २०१२ मध्ये शाळेतल्या गोळीबारात वीस लेकरं आणि सहा मोठी माणसं मेली, आणि हा रोज सांगायचा की सगळं नाटक आहे. २०२२ मध्ये त्याच्यावर जवळजवळ दीड अब्ज डॉलरचे निकाल लागले. त्याने दिवाळं काढलं, तरी २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं की द्वेषाने केलेल्या इजेचं देणं दिवाळ्यात बहुतांशी बुडत नाही. त्याच्यासाठी मी रडणार नाही. मेलेल्या लेकरांच्या आईबापांना खोटं ठरवणारा तो माणूस आपल्या जातकुळीचा नाही.

तिसरं आणि खरं दुखणं. आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी दंडविधानाचं ४९९-५०० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा आता समाजसेवाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हा गुन्हा घटनेत बसतो असं ठरवून टाकलं. आता विमा कंपनी तुमच्याऐवजी तुरुंगात जाऊन बसेल काय? कोर्टाने ठोठावलेला दंडही विम्यातून भागत नाही. आणि फिर्याद लावतात कुठे? मुंबईच्या माणसावर गावाकडे, गावाकडच्यावर मुंबईत. लांब जायला नको. अंजली दमानियांनी एकनाथ खडसे यांच्यावर आरोप केले. खडसे-समर्थकांनी आपल्या जिल्ह्यात फिर्यादी लावल्या आणि २०१८ मध्ये शेजारच्या रावेरच्या कोर्टातून वॉरंट निघालं. कोण खरं, कोण खोटं, ते बाजूला ठेवा. बाई राहतात मुंबईत, तारीख रावेरला. निकाल लागायच्या आधीच शिक्षा सुरू होते, ती अशी. गाडीभाडं, वकील, बुडालेला रोज. रोजंदारीवरच्या पोराला पाच कोटींची नोटीस मारत नाही. त्याला महिन्याची तारीख मारते.

पाच कोटी हा आकडाही नीट समजून घ्या. नोटिशीत काय वाटेल तो आकडा लिहिता येतो, नोटिशीला कोर्ट फी लागत नाही. दावा लावला की लागते, पण ठराविक मर्यादेपुढे ती वाढत नाही. म्हणून बडी माणसं शंभर कोटी, पाचशे कोटी असे फुगे सोडतात. हे फुगे बहुतेक वेळा दाव्यापर्यंत पोचत नाहीत. नोटीस पाहूनच संपादक माफीनामा छापतो, काम भागलं.

पण एकदा फुगा खरा निघाला. २००८ मध्ये टाइम्स नाऊने एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशाच्या जागी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. पंधरा सेकंद. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने शंभर कोटींचा हुकूम केला. हायकोर्ट म्हणालं, अपील ऐकायचं तर वीस कोटी भरा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या. सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. सावंतसाहेब आपल्या बाजूचे होते, २०१७ च्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेमागे ते उभे होते. त्यांची तक्रार खरी होती, चूक चॅनेलचीच होती. तरी मला हा हुकूम खुपतो. टाइम्ससारखं घराणं बँक हमी आणू शकतं. तुमचं चार पानी अंक काढणारं टोळकं आणेल काय?

आता खरी गोम. अब्रूचा भाव ठरवतं कोण? १९७२ मध्ये राजा ढालेंनी ‘साधना’त हाच हिशेब मांडला होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड तीनशे रुपये, आणि दलित बाईच्या लुगड्याला हात घातला तर पन्नास. महाराष्ट्र खवळला तो ढालेंवर, पन्नास रुपयांवर नाही. आज ॲट्रॉसिटी कायद्यात चारचौघात जातीवरून अपमान केला तर पीडिताला सरकारी मदत एक लाख. ती अर्थसाहाय्य आहे, अब्रूनुकसानीची भरपाई नव्हे, हे मला कळतं. पण बाजूबाजूला ठेवून बघा. पंधरा सेकंदांच्या फोटोला शंभर कोटी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिवीला एक लाख, तेही हप्त्यांनी, तेही कागद हलला तर. विमा कंपनी जोखीम मोजते ती याच भावाने. बड्याच्या अब्रूवर बोललात तर जोखीम मोठी. महारा-मांगावर काहीही छापा, जोखीम शून्य.

मग आपल्या माणसांना आजवर वाचवलं कोणी? १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात दिवाण बर्व्यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकरांना शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांना दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेठ उरवण्यांनी, जोतीरावांच्या शब्दावर. सत्यशोधक माणूस केसरीवाल्यांना जामीन! पुढे त्याच केसरीने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही घेतली नाही, ते सोडा. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ निघालं, टिळक-चिपळूणकरांवर. खटला झाला, जवळकर, जेधे वगैरेंना शिक्षा झाली. अपिलात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आणि १९२६ मध्ये सगळे सुटले. तेव्हा कुठली पॉलिसी होती? एक जामीनदार होता, एक वकील होता.

तिकडे अमेरिकेत १९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या बचावासाठी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात आली. अलाबामातल्या सलिव्हन नावाच्या अधिकाऱ्याने दावा लावला, ज्यूरीने पाच लाख डॉलर ठोठावले. टाइम्सबरोबर चार काळ्या धर्मगुरूंनाही ओढलं. त्यांची नावं जाहिरातीत त्यांना न विचारता टाकलेली होती. अपील चालू असतानाच त्यांच्या मोटारी जप्त झाल्या, जमिनीवर टाच आली. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल उलटवला. पेपर मोठा होता, तगला. मोटार गेली ती काळ्यांची. ज्या काळ्यांकडे बघून आपल्या पोरांनी १९७२ मध्ये पँथर नाव घेतलं, त्यांच्या चळवळीतली ही गोष्ट. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९९४ च्या राजगोपाल खटल्यात तीच वाट धरली, की सरकारी कामाबद्दल लिहिलं तर अधिकाऱ्याला सहजासहजी भरपाई मागता येणार नाही. हा निकाल पाठ करा.

तेव्हा हप्त्याचे पैसे असतील तर विमा जरूर काढा, मी अडवत नाही. पण आपल्या अंकाला तो परवडत नाही आणि परवडला तरी वकिलाचा हात मजकुरावर येतो. त्यापेक्षा हे करा. प्रत्येक आरोपाचा कागद घरात ठेवा, माहितीच्या अधिकारातला असेल तर उत्तम. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी होतं हेही दाखवावं लागतं. म्हणून कुणाच्या बायकोपोरींवर लिहू नका, त्यात ना सत्य ना भलं. अंकाची तारीख जपा. दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत, फौजदारीला तीन. नोटीस आली तर फेसबुकवर टाकून छाती बडवू नका, आधी वकिलाकडे न्या.

आणि जामीनदार आत्ताच हेरून ठेवा. वॉरंट निघाल्यावर धावाधाव नको. कोर्ट ऐपतीचा दाखला मागतं किंवा सातबारा मागतं. आपल्या वस्तीत सातबारा किती घरांत आहे ते तुम्हीच सांगा. ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी हात वर करा.

सात. बरं. नावं लिहून घ्या.