देवळाबाहेरची पेठ : असाकुसा ते मिरज
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मुलीकडे टोकियोला जाऊन आलात, तर चार शब्द बोला, असा सेक्रेटरींचा आग्रह. बुलेट ट्रेनबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, म्हणून मी बाजाराबद्दल बोलतो.

असाकुसातलं सेन्सोजी हे टोकियोतलं सर्वांत जुनं बौद्ध मंदिर. देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. भला मोठा लाल कंदील टांगलेल्या वेशीतून आत शिरलं की सुमारे अडीचशे मीटरची नाकामिसे पेठ लागते. दुतर्फा नव्वदेक दुकानं : तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, सारणाचे छोटे केक, पंखे. आपल्या नरसोबाच्या वाडीला पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परततो का कुणी? तसंच तिथं.

१९२३ च्या भूकंपात ही पेठ उद्ध्वस्त झाली, १९२५ ला पुन्हा बांधली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, तरी उभी राहिली. २०१७ मध्ये तिथल्या इमारती मंदिराने सरकारकडून विकत घेतल्या आणि भाडं कित्येक पटींनी वाढवायचं ठरलं. जन्म बँकेत गेल्यामुळे माझं लक्ष नेमकं तिथेच! भूकंप सोसलेल्या दुकानदाराला भाडं सोसवेल का?

मला आपली मिरज आठवली. तिथं मीरासाहेबांचा दर्गा आणि गावातच सतारमेकर गल्ली. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांचे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात आजही तिथं गाणं होतं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो नीट वाळेपर्यंत कारागिराचे पैसे अडकून राहतात. बँकेच्या भाषेत हा पडून असलेला माल. खरं तर तो पिकत असतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे! पण मानांकनाने नाव राखलं जातं; गल्ली राखायला गिऱ्हाईक लागतं. गिऱ्हाईक नसेल तर पुढच्या पोराने रंधा का हातात धरावा?

आपल्या भजनी मंडळाचा तंबोरा सध्या मोबाईलमध्ये वाजतो. रौप्यमहोत्सवी निधीतून मिरजेचा एक खरा तंबोरा घ्यावा, आणि तो आणायला मुलांनाही न्यावं, अशी सूचना मी मांडतो. अनुमोदक हवा.