प्रश्न विचारणारी लेकरं घडवू या



'समाजशास्त्र शिकून पोट भरतं का?' असं आम्हा गिरणी कामगारांच्या घरात पोरांना विचारतात. बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया या खाजगी विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्रही शिकले. ९ मे १९१६ ला तिथंच निबंध वाचून त्यांनी मांडलं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून.

आज समुद्र ओलांडायला नको. मुंबईत १९३६ ला टाटा ट्रस्टनं काढलेल्या छोट्या संस्थेला, म्हणजे 'टिस'ला, १९६४ ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला; १९८६ पासून ती आपल्या मराठवाड्यात, तुळजापुरातही आहे.

फी, शिष्यवृत्ती, वसतिगृहाची आधी लेखी चौकशी करा. पण आपल्या वस्तीची पाहणी दुसऱ्यांनी करायची अन् आपण नुसती उत्तरं द्यायची, हे किती दिवस? हिंगोलीच्या लेकींनी आता प्रश्न विचारावेत.

जय भीम!