उरलेले १६७ तास



काल संध्याकाळी आपल्यापैकी काही उपचारक करूळ घाटाच्या तोंडाशी जाऊन आले. तिथे जमीन एकाएकी संपते आणि रस्ता वळणं घेत खाली वैभववाडीकडे उतरतो. आपल्याला ते दृश्य देखणं वाटलं. माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या एका बाईंना मात्र या घाटाचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासर वर, माहेर खाली कोकणात. एकदा एसटीत छाती धडधडली, श्वास कोंडला, आता आपण मरतो असं वाटलं. हृदयाच्या तपासण्यांत काही निघालं नाही, पण माहेर सुटलं ते सुटलंच.

मी त्यांना गृहपाठ म्हणून वही दिली. भीती वाटली की प्रसंग आणि मनातला विचार लिहायचा. पुढच्या भेटीत वही कोरी, त्यापुढच्या भेटीतही कोरी. मी विचारलं, "तुम्हाला बरं व्हायचंय ना?" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. दोन महिने त्या आल्या नाहीत. परत आल्या तेव्हा कळलं, की त्या घरात वही ठेवायला त्यांची म्हणून एक फळीसुद्धा नव्हती. लिहिलेलं कुणीही वाचलं असतं. कोरी वही मला हेच सांगत होती, आणि मी त्यांना हट्टी ठरवून मोकळी झाले होते.

मग गृहपाठ त्यांनीच सुचवला. स्वयंपाकघरात एक रिकामा डबा. भीती आली आणि तरी जागा सोडली नाही, की त्यात घेवड्याचा एक दाणा. आधी नुसतं स्टँडवर अर्धा तास थांबायचं. मग कोल्हापूरच्या बाजूला दोन थांबे जाऊन यायचं. मग नवऱ्याच्या गाडीवरून घाटाची पहिली वळणं, मग एसटी, नवरा मागच्या बाकावर, आणि शेवटी एकट्यानं. नवऱ्यालाही गृहपाठ होता: पाण्याची बाटली पुढे करून दर मिनिटाला "बरं वाटतंय ना?" विचारायचं नाही. त्यांना तो फार जड गेला. मायेनं धरलेला हात भीतीलाही धरून ठेवतो, हे घरच्यांना समजावणं हा आपल्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे.

आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला एक आपल्या खोलीत जातो. खुर्चीत बसून मिळालेलं धैर्य घाटातल्या वळणावर आपोआप पोहोचत नाही. जिथे भीती वाटते तिथेच थांबून, पळ न काढता, 'मरेन' असं जे वाटत होतं ते घडलं नाही, हे पुन्हापुन्हा अनुभवावं लागतं. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला, सराव तुटला, तेव्हा बाईंची भीती अर्धीअधिक परतली. आम्ही एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरुवात केली.

अशा सरावाचं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे जवळून ओळखलं. स्त्रियांशी बोलायला घाबरणाऱ्या या मुलानं एकोणिसाव्या वर्षी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० बोलल्या. एकीनं भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण भीती ओसरली. १९५५ साली त्यांनी मांडलेल्या उपचारपद्धतीत गृहपाठाला एवढं वजन का, ते इथे दिसतं. पुढे २००० साली काझांझिस आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गृहपाठासह केलेल्या उपचारांचा परिणाम अधिक चांगला आढळला.

तरीही आपण गृहपाठ देतो तो दाराशी, रुग्ण चपला घालत असताना. या शब्दालाच शाळेचा, छडीचा वास आहे. मी हल्ली 'सराव' म्हणते. भेटीची पहिली दहा मिनिटं मागच्या सरावाला आणि शेवटची पंधरा पुढच्याला द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काय, कुठे, कधी, आणि आड काय येईल, या चारही प्रश्नांची उत्तरं रुग्णाच्या तोंडून आली पाहिजेत.

दुपारच्या सत्रात जोड्या करून हेच करू. एकानं उपचारक व्हायचं, दुसऱ्यानं कोरी वही घेऊन आलेला रुग्ण.