कोयनेचें पाणी आणि उंचीचें मोल

स्थितिज ऊर्जा शिकवितांना गुरुजी फळीवरील दगडाचा दाखला देतात. सातारच्या मुलांस त्याहून मोठा दाखला घरचाच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयांतील पाणी निश्चल दिसतें. परंतु तें उंचावर आहे, एवढ्यानेंच त्याच्या अंगीं कार्य करण्याचें सामर्थ्य असतें. बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीस सुमारें ४७५ मीटर खालीं उतरतांना या स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, आणि तें वेगवान पाणी पेल्टन चाकांवर आदळून जनित्रें फिरवितें. हिशेब सोपा आहे: वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार. एक घनमीटर पाण्याची ऊर्जा सुमारें १.३ युनिट भरते. घर्षणांत जाईल ती वजा.

तेंच पाणी पूर्वेस सोडलें तर? धरणाची उंचीच १०३ मीटर. तेव्हां पायथ्याशीं चौथाई वीजहि मिळावयाची नाहीं. मात्र हें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळून सांगलीच्या उसाला व नळांना पोहोंचतें. पश्चिमेस गेलेलें पाणी कोळकेवाडीस पुन्हा वीज देतें खरें, पण पुढें बहुतेक वासिष्ठींतून समुद्रास मिळतें. गुणाकारांत तहानेला स्थान नाहीं. म्हणून १९७६ सालीं कृष्णा पाणीतंटा लवादानें पश्चिमेकडील पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.