नमुना सातपुड्याचा, उत्तरही सातपुड्याला
(स्वागताध्यक्षीय भाषण)





वैद्यकीय परिषद म्हटली की मुंबई, पुणे, फार तर नागपूर. तालुक्याच्या गावाला आरोग्य शिबिर भरतं, नेत्रतपासणी होते, रक्तदानाचे फलक लागतात. मग संशोधनाची चर्चा चोपड्यात कशाला, असं निमंत्रणपत्रिका हातात पडल्यावर काहींच्या मनात आलं असणारच. त्याचं उत्तर इथल्या भूगोलात आहे. दक्षिणेला तापी, पश्चिमेच्या अंगाला अनेर आणि उत्तरेला सातपुड्याची भिंत. तापीकाठी केळी आणि कापूस. डोंगराकडे सरकलं की पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांचे पाडे. त्या पाड्यांवरच्या कित्येक घरांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. गेल्या काही वर्षांत जगातल्या अत्याधुनिक वैद्यकीय संशोधनाने याच आजारावर आपली ताकद आजमावली. त्याचं नाव सिकलसेल.

आजाराची शास्त्रीय ओळख फार जुनी नाही. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनेडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी तो दोष नेमका पकडला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. एका जागेवरचा एवढासा बदल. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं, पेशी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडं, छाती, पोट असं दुखायला लागतं, की माणूस अंथरुणाला खिळतो. अंगातलं पाणी कमी झालं, कडाक्याची थंडी पडली, ताप आला किंवा अतिश्रम झाले की हे दुखणं उचल खातं. डिसेंबरातली सातपुड्यातली पहाट किंवा मे महिन्यातलं शेतातलं काम, दोन्ही त्याला आमंत्रणच.

भारतात या आजाराची पहिली नोंद झाली १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. महाराष्ट्रातल्या डोंगराळ भागात त्याचा माग काढणाऱ्यांत हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राज्यातल्या सिकलसेलच्या प्रसाराचा आढावा घेणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जमातींत वाहकांचं प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचं त्यात आहे. २० ते ३५ टक्के या वरच्या गटात भिल्ल आणि पावरा या दोन्ही जमाती आहेत. वाहक म्हणजे ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालं, तो. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघेही वाहक असले, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

या टक्केवारीचा हिशेब पाटीवर मांडून पाहावा. शंभरात वीस वाहक धरले आणि लग्नं जमातीतच होतात असं मानलं, तर शंभरातल्या चार जोडप्यांत नवरा-बायको दोघेही वाहक निघतील. त्यांच्या चार बाळांत एकाला आजार. म्हणजे शंभर जन्मांमागे एक. इतकं प्रमाण असलेल्या आजाराला दुर्मीळ म्हणायची सोय राहत नाही.

पाड्यावर तपासणी कशी होते, हे शहरातून आलेल्या पाहुण्यांनी एकदा जवळून पाहावं. बोटाला सुई टोचून थोडंसं रक्त घेतात आणि काचेच्या छोट्या नळीतल्या द्रावणात सोडतात. काही मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा आरपार स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. हीच सोल्युबिलिटी चाचणी. ना वीज लागते, ना मोठं यंत्र. मात्र नळी गढूळ झाली म्हणजे माणूस वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी नमुना पुढे जातो, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी होते, आणि मग हातात कार्ड पडतं: वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल.

या नळीची आणखी एक खोड आहे. नवजात बाळाच्या बाबतीत ती फसते. आजार असलेल्या बाळाचंही द्रावण स्वच्छ राहू शकतं. या फसण्याच्या मुळाशी जे आहे, त्यातूनच पुढचं सगळं मोठं संशोधन उभं राहिलं.

१९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की सिकलसेल असलेल्या बाळांच्या पेशी जन्मानंतरचे पहिले काही महिने फारशा वाकत नाहीत. बाळाच्या अंगात आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन, म्हणजे फीटल हिमोग्लोबिन, अजून भरपूर असतं आणि ते सिकल हिमोग्लोबिनला एकमेकांना चिकटू देत नाही. हळूहळू ते ओसरतं आणि दुखणं डोकं वर काढतं. ते ओसरूच दिलं नाही तर? किंवा ओसरलेलं परत वाढवता आलं तर? पाऊण शतक संशोधक याच प्रश्नामागे लागले होते.

पहिलं उपयोगी उत्तर हायड्रॉक्सीयुरियाने दिलं. मूळचं हे कर्करोगाचं औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष आले: प्रौढ रुग्णांत दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरच्या अभ्यासाने दाखवलं, की जिथे मलेरिया आहे, साधनं तुटपुंजी आहेत, तिथेही हे औषध सुरक्षितपणे देता येतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच, २०१२ मध्ये, एक फार व्यवहारी प्रश्न विचारला होता. परदेशात मात्रा वाढवत वाढवत शरीराला सोसेल तिथपर्यंत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावं लागतं. आपल्याकडच्या मुलांना ठरावीक कमी मात्रा, किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, पुरेल का? तीव्र त्रास असलेल्या मुलांना ती पुरली, गुण आला. महिन्या-महिन्याला जिल्ह्याची वारी ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी याचं मोल सांगायला नको. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र इथे एक गणित सोडवायला घ्यावं लागेल: १० किलोच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅम हवं आणि हातात ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल आहे. देशात आता पातळ औषधही तयार होऊ लागलं आहे. ते डोंगरातल्या उपकेंद्रापर्यंत कधी पोचतं, यावर सारं अवलंबून.

आता थोडं इथल्या रक्ताविषयी. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत जनुकाचा जो प्रकार प्रामुख्याने आढळतो, त्याला अरब-भारतीय म्हणतात. या प्रकारात फीटल हिमोग्लोबिन मुळातच जास्त राहतं. त्यामुळे भारतीय सिकलसेल सौम्य असतो, असा समज बरीच वर्षं चालत आला. पण १९९७ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे रुग्ण यांची तुलना केली. दोन्हीकडे जनुकाचा प्रकार तोच, फीटल हिमोग्लोबिन जास्तच; तरी वलसाडकडचा आजार सौम्य आणि नागपूरकडचा तीव्र. वलसाडकडे अल्फा थॅलेसेमियाचं प्रमाण बरंच जास्त होतं आणि त्याने आजाराची धार बोथट केली होती. मग वलसाड आणि नागपूर यांच्या मधोमध असलेल्या सातपुड्यातल्या पावरा मुलाचा आजार कुठल्या बाजूला झुकतो? हे दिल्लीत बसून ठरणार नाही. त्याला जन्मापासून पाहावं लागेल, वर्षानुवर्षं.

असं पाहणं किती फळाला येतं, ते जमैकाने दाखवलं. डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने १९७३ ते १९८१ या काळात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात एक लाख नवजात बाळं तपासली आणि आजार असलेल्यांचा पुढे पाठपुरावा केला. काही बाळांची पाणथरी अचानक रक्ताने फुगते आणि ती काही तासांत दगावतात, हे त्यांना दिसलं. उपाय काय केला? आयांना पोटाला हात लावून पाणथरी चाचपायला शिकवलं. फुगलेली लागली की लगेच दवाखाना. मृत्यू ठळकपणे घटले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध केलं, की लहान मुलांना रोज साधं पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकोकसचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात. निष्कर्ष इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवून औषध सर्वांना सुरू केलं. आईची बोटं आणि पेनिसिलिन: दोन्हींना परदेशी चलन लागत नाही. मात्र बाळाला आजार आहे हे जन्मताच कळलेलं असावं लागतं.

दुसऱ्या टोकाला आहे जनुकसंपादन. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना ज्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यावर आधारलेला जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार सिकलसेलवरचाच. कॅसजेव्ही हे त्याचं नाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, फीटल हिमोग्लोबिन बंद करणारी कळ त्यांत निकामी करायची आणि पेशी परत सोडायच्या. ही कळ बीसीएल११ए नावाच्या जनुकात आहे, हे बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं होतं. अमेरिकेतल्या मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा निकाल तपासता आला, त्यांतले २९ जण सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. अमेरिकेतली किंमत मात्र २२ लाख डॉलर. वर आधी तीव्र केमोथेरपी आणि रुग्णालयातला लांबलचक मुक्काम.

नवं ते सगळंच टिकतं असंही नाही. २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं व्हॉक्सेलोटर हे औषध सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने सुरक्षिततेच्या कारणावरून जगभरातून मागे घेतलं.

आपल्या देशातही हालचाल आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केलेला क्रिस्परवर आधारित उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी झाली आहे. बिरसा मुंडांचं नाव दिलेला उपचार बिरसांच्या लोकांना परवडेल अशा दरात यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण रुग्णावरच्या चाचण्या, परवानग्या यांतून तो पार पडेपर्यंत आज जन्मलेलं बाळ थांबू शकत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे उद्दिष्ट. तपासणीचे आकडे वाढतातही. प्रश्न पुढचा आहे. कार्ड येईस्तोवर कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघून गेलेलं असतं. पिवळं कार्ड मुलीच्या लग्नात आडवं येईल या धास्तीने पेटीच्या तळाशी जातं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे पावरी बोलीत कुणी समजावलेलं नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे ज्याला सांगायला हवं त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. रक्ताचा नमुना डोंगर उतरून जातो, निबंध प्रसिद्ध होतो. ज्याच्या बोटाला सुई टोचली, त्याला काय निघालं ते कळतंच असं नाही.

म्हणून स्वागत समितीने या परिषदेपुढे तीन प्रश्न ठेवले आहेत. पायथ्याच्या प्रसूतिगृहांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेतलं रक्त तपासून, त्याचा निकाल महिन्याभरात आईच्या हाती कसा देता येईल? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि चोपड्याचं औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय यांनी मिळून सातपुड्यातल्या मुलांचा दीर्घकालीन पाठपुरावा हाती घ्यायचा, तर पहिली नोंदवही कुणी उघडायची? आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, जिथे लग्नाळू पोरंपोरी आणि परगावी गेलेली कुटुंबं हटकून परततात, तिथे पावरी बोलणारे समुपदेशक बसवता येतील का? तिन्ही प्रश्नांवर आज आणि उद्या गटचर्चा आहेत. डॉक्टरांच्या बरोबरीने आशाताईंनाही प्रत्येक गटात जागा ठेवली आहे, कारण कुठल्या पाड्यावरचं कुठलं कुटुंब कोणत्या महिन्यात घरी असतं, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

व्यवस्थेत उणं-दुणं राहिलं असेल, तर पाहुण्यांनी ते पोटात घालावं. चोपडा मोठं शहर नाही. काहींची सोय चोपडेकरांच्या घरीच केली आहे आणि ज्या घरांनी आपणहून खोल्या दिल्या त्यांचे आभार मानायला हवेत. जेवणात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी आहे. शेवभाजी खानदेशी हाताची असल्यामुळे ताकाची सोय मुद्दाम केली आहे. पहिली गटचर्चा नवजात तपासणीची असून ती चहानंतर लगेच सुरू होईल. स्वागत समिती अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करते.